आण्णांचा पिवळा टँक

खोली भाड्यानं द्यायच्या आधी आण्णांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही. अंगठा मागितला.

"मला सही येते," मी जरा ताठ्यातच म्हटलं. हुपरीसारख्या गावातून आलेली पोरगी म्हणजे अंगठेबहाद्दर, असं ह्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याला वाटलं असणार, अशी माझी समजूत झाली होती.

"सही ऱ्हाऊ दे की. अंगठा दाव. दोन्ही."

मी दाखवले. त्यांनी खिशातून नळाच्या तोटीत बसतं तसलं काळं रबरी वायसर काढलं, माझ्या अंगठ्याला लावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि आत बघून ओरडले, "बारका हाय, पण चालंल! किल्ली दे गं पोरीला."

आतून काकूंचा आवाज आला, "मटण-मासं खाती का, ते इच्यारा आदी."

"ते तू इच्यार. माझं झालं."

आण्णा म्हणजे माझे घरमालक. साठी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाज असा की ते दुकानातून "काय पावणं?" म्हणाले की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायचं. दुकान पाइप-फिटिंगचं. पुढं दुकान, मागं घर आणि वर माझी खोली. मी तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात लागले होते. पंचतारांकित म्हटल्यावर पोरगी मोठ्या हॉटेलात लागली, असं माझ्या आईनं गावभर सांगून ठेवलं होतं. ते निस्तरण्यात माझे पहिले काही रविवार गेले.

वायसरचा उलगडा त्याच संध्याकाळी झाला. आण्णांच्या बंगळूरच्या मुलानं आईवडिलांना टॅब पाठवला होता. नातू दिसावा, शिवशरणांची वचनं ऐकावीत, एवढाच त्याचा हेतू. पण दिवाळीला आला तेव्हा बापाला खूश करावं म्हणून त्यानं त्यात एम्युलेटर नावाचं ॲप टाकलं. एम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारी करामत. ज्या गेमसाठी पूर्वी टीव्हीला डबा जोडावा लागे, पिवळी कॅसेट फुंकर मारून आत खुपसावी लागे, ते सगळे गेम आता टॅबमध्ये निमूट चालत. आण्णा त्या ॲपला 'बहुरूपी' म्हणायचे. "बहुरूप्याला उठव," म्हणजे ॲप उघड. त्या दिवसानंतर आण्णांनी मुलाचा व्हिडिओ कॉल धड घेतला नाही, त्यामुळं मुलगा स्वतःच्याच कर्मानं पस्तावला.

अडचण एकच होती. जुन्या रिमोटला बटणं होती आणि टॅबला नुसती काच. पडद्यावर डोळा ठेवून खेळावं तर अंगठा घसरून भलतीकडं जायचा. "काचंला गुदगुल्या कराया लागल्यागत वाटतंय," असं म्हणून आण्णांनी दुकानातली वायसरं आणली आणि काचेवर जिथं जिथं बटणाचं चित्र होतं तिथं तिथं डिंकानं चिकटवून टाकली. अंगठा भोकात बसला की बटण सापडलंच. नातवाचा कॉल आला की त्याचा अर्धा चेहरा वायसरांखाली जायचा. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कसा हाय ओ पोरगा?"

"डाव्या अंगानं तरी बरा दिसतोय," आण्णा सांगायचे.

त्या बहुरूप्यात शेकडो गेम होते. आण्णांनी बाकीचे एकेकदा उघडून टाकून दिले. एकात जागोजागी जाडजूड हिरवे पाइप उभे होते. तो त्यांनी धंद्याच्या नजरेनं बघितला आणि लगेच बंद केला. "एकालाबी एलबो न्हाय, सॉकेट न्हाय. पाणी जाणार कुठं?" मोटारींची शर्यत त्यांना पटली नाही, कारण तिच्यात कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. त्यांचा गेम एकच, टँकचा.

तो असा. पडद्याच्या तळाशी मधोमध एक पाखरू बसलेलं असतं, त्याच्याभोवती विटांची भिंत. वरून शत्रूचे टँक येतात, विटा फोडत. खाली आपले दोन टँक. पहिल्या खेळाडूचा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. दोघांनी मिळून पाखरू सांभाळायचं. तुमचे कितीही जीव शिल्लक असोत, पाखराला गोळी लागली की खेळ खल्लास. आणि गोळी कुणाची हे गेम विचारत नाही. आपल्याच टँकची लागली तरी पाखरू मरतं.

हिरव्या टँकसाठी आण्णांना माणूस हवा होता, आणि म्हणून मला खोली मिळाली होती. माझ्या फोनमध्येही बहुरूपी आला, त्यालाही वायसरं लागली आणि घरातल्या वायफायवर फोन आणि टॅब जोडले गेले. कारखान्यातले लोक फोनकडं बघून विचारायचे, "हे काय, गळतो का तुमचा फोन?" मी काय सांगणार? कामावरून दमून यायचं, काकूंच्या हातचा चहा प्यायचा आणि आण्णांच्या शिव्या खायच्या, असा माझा संध्याकाळचा कार्यक्रम ठरून गेला. मला ते "हुपरी" म्हणूनच हाक मारायचे, आणि आमचं गाव चांदीच्या पैंजणांचं, म्हणून टोमणाही तोच.

"ए हुपरी! पाखरू तिकडं, तू कुठं निघालीस? पैंजण इकाया?"

खेळापुढं आण्णांना धंदा दिसत नसे. एकदा एक गृहस्थ धापा टाकत दुकानात आले. घरातला कॉक तुटून पाणी जिन्यावरून वाहत होतं. आण्णा टॅबमध्ये मान घालून बसलेले.

"पावणं, बसा. एवढं दोन टँक मारतो."

"अहो, घरात पाणी शिरलंय माझ्या!"

"हितं पाखरू मराया लागलंय, आनि तुमी पाण्याचं काय सांगताय!"

शेवटी काकूंनी बाहेर येऊन कॉक दिला. काकूंशी भांडणात आपण हरतोय असं दिसलं की आण्णा हात वर करून "पॉज!" म्हणायचे. "तुमचा पॉज घाला चुलीत," असं म्हणून काकू पुढं चालू ठेवायच्या. खंडेनवमीला पाइप कापायची करवत, पाने आणि आटे पाडायचं यंत्र यांच्या रांगेत टॅबही पूजेला बसला. त्याला झेंडूचं फूल वाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं, म्हणून आण्णा ती सगळी संध्याकाळ पाटासमोर हात चोळत बसून होते. मला हसू आवरत नव्हतं.

आता भिंतीचं सांगायला हवं.

आण्णा जिथं बसून खेळायचे ती खाट एका भिंतीला लागून होती. घराच्या मानानं भिंत नवी आणि पातळ, एकेरी विटेची. पलीकडं आण्णांचे सख्खे धाकटे भाऊ राहायचे. सीमाभागाकडच्या कानडी वळणानं थोरल्याला आण्णा आणि धाकट्याला तम्मा म्हणत, म्हणून सगळी गल्ली त्यांना तम्माच म्हणायची. मी तम्माकाका म्हणत असे. आण्णा काहीच म्हणत नसत. त्यांचं बोलणं बंद होतं. मला वाटलं, असेल जागेचं नाहीतर बांधाचं. कोल्हापुरात भाऊ न बोलणं ही काही बातमी नाही.

काकूंनी मेथी निवडता निवडता खरं कारण सांगितलं.

"सासरं गेल्यावर वाटणी झाली. गोडीनं झाली बघ. दुकान आमाला, शेत तम्माला, घर निम्मं निम्मं. भांडी झाली, गाद्या झाल्या. ऱ्हायला त्यो टीव्हीचा गेम. दोघं बाप झालेली, पर जीव त्यात. मग पंचांनी डबा थोरल्याला दिला नि कॅसेट धाकट्याला."

"मग खेळायचं कसं?"

"त्ये पंचांस्नी काय म्हाईत? त्येंनी वाटणी केली, इच्यार न्हाय केला. मग ह्यांनी ठरीवलं, आज शेवटचा एक डाव सोबत खेळू. बसलं दोघं. कवा न्हाय इतकं म्होरं गेलं. आनि तम्माची गोळी लागली पाखराला."

आण्णा म्हणाले, मुद्दाम मारलास. तम्माकाका म्हणाले, चुकून लागली. आण्णा उठले आणि देव्हाऱ्यातून बेल आणि भंडारा घेऊन आले. आमच्याकडं बेलभंडार उचलून माणूस बोलला की ती देवापुढची शपथ. लोक तो जमिनीच्या भानगडीत उचलतात, चोरीच्या आळापायी उचलतात. आण्णांनी तो व्हिडिओ गेमसाठी भावापुढं धरला. उचल आणि सांग, चुकून लागली म्हणून.

"तम्मा पांढराफटक पडला," काकू म्हणाल्या. "म्हणला, सख्ख्या भावाला बेलभंडार उचलाया लावतोस? आनि उचलला की त्येनं. पर शपथ दुसरीच घेतली. तुझ्याशी तोंडानं बोलणार न्हाय, तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार न्हाय, तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाय. मग थोरला मागं कसा ऱ्हाईल? ह्यांनीबी त्योच उचलला, आनि तेच म्हणलं. झालं. डबा हितं कुजला, कॅसेट तितं."

मी हसत सुटले. पोट दुखेपर्यंत हसले. काकू हसल्या नाहीत.

"हसू नगंस. आमच्या पोराच्या लग्नात सख्खा काका मांडवाभाईर रस्त्यावर हुबा हुता. अक्षता तितनं टाकल्या त्येनं. एकबी आत पडली न्हाय."

त्यानंतर मला त्या भिंतीकडं बघून हसू आलं नाही.

शपथ पुरुषांची होती, बायकांनी ती अंगाला लावून घेतली नव्हती. दोघी जावा परसातल्या बुटक्या भिंतीवरून आमटीच्या वाट्या इकडंतिकडं करायच्या. त्याच वाटेनं एक दिवस बातमी आली. त्याआधी आम्ही दोघांनी ती ऐकलीही होती. आण्णा आणि मी खेळायला बसलो होतो. टँकच्या गेमची सुरुवातीची टिंवटिंव धून वाजली. आणि ती संपते न संपते तोच भिंतीपलीकडून तीच धून पुन्हा वाजली. आण्णांचे अंगठे वायसरात थिजले. त्यांनी भिंतीला कान लावला.

"त्योच हाय," ते हळूच म्हणाले. आण्णांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

वाटीबरोबर आलेली बातमी अशी होती की तम्माकाकांच्या पुण्याच्या लेकीनं तिचा जुना टॅब त्यांना दिला होता. रोज भिंतीतून ती धून ऐकून ऐकून त्यांनी लेकीला फोनवर भंडावून सोडलं आणि तिच्याकडून गेम मिळवला. आता पलीकडं ते एकटे खेळत होते, इकडं आण्णा माझ्यासारख्या अडाण्याबरोबर खेळत होते. दोघंही रोज हरत होते, आणि एकमेकांचं हरणं दोघांनाही ऐकू येत होतं.

"दोघांचे टॅब जोडता येतील," मी म्हटलं. "तुमचं वायफाय तिकडं पोचतं."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग देव्हाऱ्याकडं. सोमवारी त्यांचे गुरू, जंगम स्वामी, घरी आले. पूजा झाली, केळीच्या पानावर जेवण झालं, आणि मग आण्णांनी हात जोडून शंका विचारली. शपथेत पाणी हाय. वायफाय पाण्यात धरायचं का?

स्वामींनी पुष्कळ विचार केला. "घशाखाली उतरतंय का?"

"न्हाय."

"मग पाणी न्हवं."

"आनि उंबरा?"

"वायफायला कसला उंबरा!"

"आनि बोलणं, स्वामी?"

"तोंडानं न्हाय म्हणलास न्हवं? अंगठ्याचं देव बघून घील."

एवढा निवाडा झाल्यावर मला पलीकडं धाडण्यात आलं, तम्माकाकांचा टॅब जोडून द्यायला. जाण्यापूर्वी आण्णांनी माझ्या फोनवरची वायसरं नखानं खरवडून काढली. "ह्येचं तिकडं एक अक्षर बोललीस, तर खोली खाली कर." भावाशी समेट वेगळा आणि धंद्याचं गुपित वेगळं. तम्माकाका बारीक अंगाचे, हसरे, आण्णांच्या अगदी उलट. त्यांनी विचारलं एवढंच, "आण्णाचं गुडघं दुखायचं कमी आलं का?" परत आल्यावर आण्णांनी विचारलं, "काय म्हणला?" मी सांगितलं. ते नुसते "हं" म्हणाले आणि गुडघा चोळत बसले.

त्या संध्याकाळपासून माझी सुटका झाली. मी चहाचा कप घेऊन प्रेक्षक म्हणून बसू लागले, आणि खरं सांगते, असा खेळ मी पुन्हा बघितला नाही. दोघं एक शब्द बोलत नव्हते, पण पिवळा टँक डावीकडं वळला की हिरवा न सांगता उजवीकडं जायचा. पलीकडून खाकरण्याचा आवाज आला की आण्णा वर बघायचे, आणि वरून खरोखरच टँक येत असायचा. ह्या गेममध्ये सोबत्याची गोळी सोबत्याला लागली की तो मरत नाही, पण जागच्या जागी लुकलुकत अडकून पडतो. तम्माकाका फार पुढं पळाले की आण्णा पाठीत गोळी घालून त्यांना अडकवून ठेवायचे. पलीकडून चुकचुकणं ऐकू यायचं. आण्णा खूश.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. हिरवा टँक पाखराच्या आसपास आला रे आला की पिवळा मध्ये येऊन उभा राहायचा. शत्रू सोडून आण्णा भावावर पहारा ठेवायचे. तम्माकाकांनाही ते कळत असणार, कारण हिरवा टँक हळूहळू वरच्या निम्म्यातच राहू लागला. खाली येतच नसे. दोघं पुष्कळ पुढं जात, पण त्यामुळं शेवटी पाखरू एकट्याच्या भरवशावर राहून मरत असे.

"त्यांना येऊ द्या की खाली," मी एकदा म्हटलं.

"का? परत माराया?"

मला राग आला. "वीसेक वर्षांपूर्वीचं ते! चुकून लागली असेल."

"खेळ तू नगं शिकवू, हुपरी," ते म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे.

मग काकूंनी परसातून दुसरी बातमी आणली. तम्माकाका आणि त्यांची बायको पुण्याला लेकीकडं निघाले होते. तिला दुसरं बाळ झालं होतं, शिवाय ह्यांचंही वय झालं. घर बंद करून कायमचंच जायचं ठरलं होतं.

"जाऊ दे की," आण्णा म्हणाले. "पाखराची काळजी मिटली."

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला पाऊण इंची मागितल्यावर एक इंची पाइप कापून दिला. मला त्यांची कीव येऊ लागली, आणि कीव आली की मी फटकळ होते. मी सरळ म्हटलं, "जाऊन बोला. दहा पावलांवर आहेत."

"बेलभंडार उचललाय. चेष्टा हाय व्हय?"

"मग ते गेल्यावर बसा भिंतीला कान लावून."

त्यांनी टॅबची काच पुसली. मग खालच्या आवाजात विचारलं, "पुण्यातनं जोडता येतंय का गं त्ये?"

येतं, पण कसं येतं ते बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यातून फोन जोडला. आण्णा दुकानात टॅब घेऊन बसले. मी कागलात बटण दाबायची आणि शाहूपुरीत माझा टँक विचार करून मग हलायचा. मी शत्रू दिसताच गोळी मारली, ती पोचेपर्यंत शत्रूनं विटा फोडून पाखरू मारलं होतं. आण्णांचा फोन आला.

"कागलातनं गोळी येईना, पुण्यातनं काय येतीय?" आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी तम्माकाकांच्या दारात टेम्पो लागला. गाद्या, कपाट, भांडी चढत होती. आण्णा खाटेवर बसून होते. अंघोळ, पूजा झालेली, विभूती ओली. काकू आतबाहेर करत होत्या. इतक्यात टॅबनं टुण्ण केलं. हिरवा टँक जोडला गेला होता. सामान चढत असताना तम्माकाका पलीकडच्या रिकाम्या खोलीत, जमिनीवर बसले असणार.

शेवटचा डाव त्यांनी असा खेळला की मी चहा प्यायला विसरले. एकामागून एक टप्पे गेले. भांडणाच्या दिवशी जिथं पाखरू मेलं होतं तो टप्पाही, आण्णा पुटपुटले म्हणून मला कळलं, मागं पडला. आणि मग मी बघितलं, आण्णांचा पिवळा टँक बाजूला सरकला. पाखराच्या समोरची जागा मोकळी करून उभा राहिला. हिरवा टँक वरच्या कडेला थांबला. खाली येईना. त्याला सवयच राहिली नव्हती. पिवळा आणखी सरकला. हिरवा जागचा हलला नाही. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

आण्णांनी एक मोठा श्वास घेतला. पिवळा टँक गर्रकन वळवला आणि तोंड पाखराकडं केलं. पहिली गोळी. अर्धी वीट उडाली. दुसरी गोळी. उरलेली उडाली.

"आण्णा, अहो, काय करताय!" मी ओरडले.

तिसरी गोळी त्यांनी शांतपणे मारली. पाखरू फुटलं आणि खालून गेम ओव्हरची अक्षरं वर चढू लागली.

पलीकडून भिंत हादरेल असा आवाज आला. इतका मोठा आवाज त्या बारीक अंगात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आण्णा! पाखरू मारलंस की रं!"

आण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "चुकून लागली."

"चुकून? तीन गोळ्या चुकून?"

"वय झालं. हात कापतोय."

पलीकडं धाडधाड पावलं वाजली. रस्त्यावरून चप्पल न घालता तम्माकाका आले, दुकानातून थेट आत, उंबरा कुठं होता हे त्यांना दिसलंही नसावं. हातात टॅब, तोंड लालबुंद. "एक इटंला, दोन इटंला, तिसरी पाखराला! माझ्या डोळ्यांदेखत! आनि वर म्हणतोस चुकून? उचल! उचल बेलभंडार!"

"आन की," आण्णा म्हणाले. "कुठं ठेवलाय म्हाईत हाय तुला."

तम्माकाका आणखी पुष्कळ बोलले. त्यात पोराच्या लग्नाच्या अक्षताही आल्या, वडिलांच्या आजारपणातल्या रात्रीही आल्या, शेतात ऊस पेटला तेव्हा आण्णा बांधावर उभे राहून बादल्या देत होते पण तोंड उघडत नव्हते, तेही आलं. बोलता बोलता घसा बसला. काकूंनी तांब्या पुढं केला. त्यांनी तो वरून तोंडात ओतून गटागटा रिकामा केला, खाली ठेवला आणि मग तांब्याकडं बघत राहिले.

मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

"माझी एकच गोळी हुती," तम्माकाका बसलेल्या आवाजात म्हणाले.

"म्हाईत हाय."

"चुकून लागलीती."

"म्हाईत हाय की."

"कवापासनं?"

"लागली तवापासनं," आण्णा म्हणाले. "पर इतकं म्होरं गेलतो रं. लई राग आलता."

काकूंनी दोघांकडं बघितलं. "दोघांस्नीबी म्हाईत हुतं, तर मी इतकी वर्सं आमटी भिंतीवरनं का देतोय?" मग रिकामा तांब्या उचलून त्या आत निघाल्या. "च्या टाकतो. मोडलीच हाय तर पुरी मोडा."

तम्माकाका खाटेच्या कडेवर टेकले. समोर आण्णांचा टॅब पडला होता. त्यांनी तो उचलला, उलटसुलट केला, काचेवरच्या वायसरांवर बोट फिरवलं, मग एका वायसरात अंगठा बसवून बघितला. त्यांचा चेहरा बदलला.

"आयला! ह्ये असं हाय व्हय! आनि मी खुळ्यागत नुसती काच घासतोय. मला का न्हाय सांगितलंस?"

"बोलायचं न्हवतं न्हवं," आण्णा म्हणाले.

मग त्यांनी खिशात हात घातला. वायसरं निघाली. मला डिंकाची बाटली आणायला सांगितलं आणि तम्माकाकांचा टॅब मांडीवर घेऊन ते एकेक वायसर नीट मध्यावर बसवू लागले. भावाचा अंगठा धरून मापही घेतलं. शेवटचं चिकटवून झाल्यावर टॅब खाटेवर दोघांच्या मध्ये ठेवला.

"वाळंपतूर हात लावू नगंस."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आतून चहा आला, बशीत ओतून झाला, पिऊनही झाला. डिंक वाळेपर्यंत तम्माकाका काही उठले नाहीत.